गल्लीच्या तोंडाशी मारलेली हाक

गौरवग्रंथात पहिल्या भेटीची गोड आठवण लिहायचा रिवाज आहे. माझा मात्र नाइलाज आहे. निवृत्त सुभेदार ज्ञानोबा लवटे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे नाना, आमच्या दुधनीच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांना पाहून माझ्या सासूबाईंनी ऊर बडवून घेतला होता.

माझे पती सैन्यात होते. सीमेवर त्यांना वीरमरण आलं, त्याला तेव्हा काही महिने झाले होते. धाकटे दीरही सैन्यातच. सासूबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. सैनिकांच्या कुटुंबांना मदत पोचवण्याचं काम नानांनी सोलापुरात नुकतंच हाती घेतलं होतं. वीराच्या घरी जायचं म्हणून त्यांनी कोट चढवला होता, डोक्यावर पलटणीची टोपी, छातीवर पदकं, बुटांत तोंड दिसावं अशी पॉलिश. आमच्यासाठी मंजूर झालेल्या मदतीचा कागद घेऊन ते दारात येऊन ताठ उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"सण्णावनू होद्ना?" सासूबाई किंचाळल्या. धाकटाही गेला का, असं त्या विचारत होत्या. नानांना कन्नड येत नव्हतं. ते हात कपाळाशी धरून तसेच उभे! मी धावत बाहेर आले आणि ओरडून त्यांना अर्थ सांगितला, तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी टोपी काढली आणि पायरीवरच बसकण मारली.

"चुकलं ओ आई माजं. मानासाठी घातली व्हती ही. तुमचा ल्योक बरा हाय."

सासूबाईंना ते पटेना. अखेर नाना स्वतः पेठेतल्या फोनच्या दुकानात बसून राहिले, दिरांचा फोन लागेपर्यंत हलले नाहीत. सासूबाईंनी लेकाचा आवाज ऐकला आणि मगच पाण्याचा घोट घेतला.

त्यानंतर नानांनी कुणाच्याही घरी जाताना ती टोपी घातली नाही. साधा पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. आणि एक शिरस्ता त्यांनी घालून घेतला, तो आजतागायत मोडलेला नाही. गल्लीच्या तोंडाशीच थांबायचं आणि घरातल्या बाईला ऐकू जाईल अशी हाक मारायची, "खुशाली हाय ओऽ!" मग पुढे पाऊल टाकायचं. दक्षिणेकडच्या गावांसाठी त्यांनी माझ्याकडून कन्नड शिकून घेतलं, "एल्ला छलो अद री!" म्हणजे सगळं चांगलं आहे. नाना मूळचे सांगोल्याकडचे. त्यांचं कन्नड ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हसू आलं, की भीती आपोआप मागं सरायची.

मला सोलापुरात नोकरी लागल्यावर मीही सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर घरोघर जाऊ लागले. मदत देणं सोपं, पण माणसाचा ताठा न मोडता देणं अवघड, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. सांगोल्याजवळ एक वृद्ध माजी सैनिक चार शेरडांच्या सोबतीनं एकटेच राहत. सेवा अर्धवट सुटल्यामुळे त्यांना पेन्शन नव्हती. निराधार माजी सैनिकांसाठी असलेली मदत त्यांना मिळण्यासारखी होती, पण गडी हटून बसलेला.

"भीक घ्यायला माजं हातपाय मोडलं न्हाईत अजून," ते म्हणाले.

नानांनी एका शेरडाच्या पाठीवर हात फिरवत विचारलं, "पलटणीत लंगरावर ताट घिऊन हुबं ऱ्हाताना लाजत व्हता का?"

"तवा का लाजंन? हक्काचं जेवान व्हतं की."

"मग ह्यो बी लंगरच हाय. वाढायला जरा उशीर झालाय, येवडंच."

म्हातारबुवांनी नानांच्या हातातला अर्ज जवळ ओढला. मग अंगठा पुढे करत म्हणाले, "डाळ पातळ नसू द्या म्हंजी झालं."

नानांची आणखी एक सवय सांगते. काम झालं म्हणून ते लगेच उठत नाहीत. तेरावं झालं की पाहुणे पांगतात आणि मग गेलेल्या माणसाचं नाव घरात कुणी काढत नाही. आमच्याकडेही तसंच झालं होतं. नानांनी दुसऱ्या खेपेला मला सहज विचारलं, "त्यांना खायला काय आवडायचं ओ?" मी म्हटलं, शेंगापोळी. रजा संपली की डबा भरून न्यायचे आणि कुर्डुवाडी यायच्या आधीच गाडीत निम्मा डबा फस्त करायचे. एवढं सांगितलं आणि बांध फुटला. कित्येक महिन्यांनी मी त्यांच्याबद्दल मोठ्यानं बोलले होते. नाना मान हलवत ऐकत राहिले. मला मिळालेल्या सगळ्या मदतीत ती मदत सर्वांत मोठी होती.

इतक्या घरांचा एकटेपणा उचलणाऱ्या माणसाचा एकटेपणा कोण पाहतो? आम्ही तरी पाहिला नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या, लेक परराज्यात नांदते. सोलापुरात एका गल्लीतल्या वरच्या मजल्यावर नाना एका खोलीत राहतात. सबंध जिल्ह्यातली घरं त्यांना पाठ, पण त्यांचा जिना चढलेली माणसं विरळाच. आम्ही सगळे त्यांची वाट पाहणारे.

गेल्या हिवाळ्यात ते कुर्डुवाडीच्या एका वीरमातेकडे जाणार होते. गेले नाहीत. दिलेली वेळ नाना चुकवत नाहीत. फोन वाजत राहिला, उचलला कुणी नाही. मी तडक त्यांच्या घरी गेले. वर दार आतून बंद होतं. कडी वाजवायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. दार उघडलंच नाही तर? दाराबाहेरच्या माणसालाही इतकी भीती वाटते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मी जिना उतरले, गल्लीच्या तोंडाशी गेले आणि लोक बघत असताना जिवाच्या आकांतानं ओरडले, "नानाऽ, एल्ला छलो अद री!"

काहीच नाही. पुन्हा ओरडले. मग वरच्या खिडकीतून खोल गेलेला आवाज आला, त्याच मोडक्या कन्नडमध्ये, "छलो अद... छलो अद."

मी धावत वर गेले, नानांनी कडी काढली. अंगात फणफणून ताप, आणि तरी कांबळं पलटणीसारखं घडी घालून उशाशी ठेवलेलं! मी रागावले. म्हटलं, "एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

"सगळ्यांच्या घरी आदीच काय कमी हाय का? त्यात माजं कशाला?" नाना म्हणाले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "लांबनं हाक आली, तवा वाटलं, मीच कुटंतरी चाललोय कुणाकडं. मंग कळलं, ही माज्यासाठी हाय."

तेव्हापासून आम्ही आळीपाळीनं त्यांच्याकडे जातो. त्यांना ते आवडत नाही, असं ते म्हणतात. चहाचं आधण मात्र तयार असतं.

नाना, पंच्याहत्तरी पूर्ण केल्याबद्दल आपल्याला साष्टांग नमस्कार. आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे आमचं मागणं आहे आणि त्यात आमचा स्वार्थ आहे. यापुढे दारात येण्याआधी आम्ही गल्लीच्या तोंडाशी थांबून हाक मारू. आपण फक्त वरून उत्तर देत राहा.