वाटेतल्या चार बाया

गोंदियात प्रबंधांची आकडेमोड करून देणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. झेरॉक्सच्या दुकानामागे बसायचा आणि करंगळीच्या लांब नखाने स्क्रीनवरचे आकडे तपासायचा.

माझा विषय होता, जंगलातल्या आणि शहरालगतच्या बाया कुठे बाळंत होतात. रकाने तीन: घरी, दवाखान्यात, वाटेत. 'वाटेत' चिचगडकडच्या जंगलातल्या चारच बाया होत्या. त्यांच्या अंगणात बसून मी सगळं ऐकलं होतं.

त्याचं नख नेमकं तिथे थांबलं. "इतका लहान आकडा असला तं काय-स्क्वेअर टेस्ट बसत नाही, मॅडम."

"लहान आकड्यांसाठी फिशरची टेस्ट असते ना?"

"हाय ना. पन तुमचे गाइड सर काय-स्क्वेअरच मागतात. त्यायले समजवाले कोन जाईल? ह्या बाया दवाखान्याकडेच जाऊन राहिल्या होत्या ना? मंग दवाखान्यात टाका."

सरांशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. मी मान डोलावली. त्याने तो रकाना पुसला आणि चहा मागवला.

प्रबंध मंजूर झाला. त्यात त्या चौघी वेळेवर दवाखान्यात पोचल्या आहेत. खाली सही माझी आहे.