तीन रंगांची एकच गोळी

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पिशवीतली तीन पाकिटं उलटी करून वाचली आणि एकावर एक ठेवली. "ताई, या तिन्ही गोळ्यांत एकच औषध आहे, पॅरासिटामॉल. तुम्ही तिप्पट घेतलंय. लिव्हरला इजा झालीय." मग त्यांनी मला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. हात आपोआप फडफडायला लागले. थांबवू म्हटलं तरी थांबेनात.

मी बोरीची अंगणवाडी सेविका, म्हणजे गावाला आरोग्य शिकवणारी. म्हणून ही फजिती जास्तच बोचते.

आमच्याकडे गोळी नावाने नाही, रंगाने ओळखतात. नवरात्रात ताप आला, सांधे धरले. तापाला पांढरी, अंगदुखीला केशरी, सर्दीला गुलाबी. रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं, असं मी धरूनच चालले. त्यात नऊ दिवस पाण्यावर आणि चहावर उपवास. गोळीने उपवास मोडत नाही, म्हणून खुशाल घेत राहिले. उपाशी पोटी तेच औषध लिव्हरला जास्त जाचतं, हे फार उशिरा कळलं.

दसऱ्यानंतर मळमळ सुरू झाली, मग डोळे पिवळे झाले. धाकटी जाऊ कमल मला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेली. त्याने तळहातांना कसला तरी रस चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पाणी हळूहळू पिवळं होत गेलं.

"बाई, उतरायली बगा," कमल म्हणाली.

मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. एवढं सगळं माझ्या आत होतं? तीन दिवस आम्ही तिथेच जात राहिलो, उतार पडेना तेव्हा परभणी गाठली. पुढे कमलने सहज स्वतःच्या हातांना तोच रस चोळून ते तसेच धुऊन पाहिले. पाणी तितकंच पिवळं झालं. ती ठणठणीत होती.

डॉक्टरांनी पाकिटं वाचली, त्याच संध्याकाळी दवाखान्यात माझं भान हरवलं. याला एन्केफॅलोपथी म्हणतात. लिव्हर रक्त साफ करेनासं झालं की विष मेंदूवर चढतं. भर दुपारी मला खाटेखाली पिवळं पाणी साचलेलं दिसायचं. मी पाय वर ओढून घ्यायची. कमल घोट्यापर्यंत त्यात बुडालेली, आणि निवांत संत्रं सोलत बसलेली.

माझी आठ वर्षांची ऋतुजा भेटायला आली, तेव्हा मी विचारलं म्हणे, "ही कुणाची पोरगी?" मला ते आठवत नाही. तेवढा वेळ माझ्या तोंडून कोण बोलत होतं, याचा विचार मी टाळते.

सलाईनमधून उताऱ्याचं औषध चालू होतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते रोज तपासायचे. लिव्हर सावरेल की नाही, ते त्यावर ठरणार होतं. चौथ्या दिवशी तो वेळ कमी झाला, आणि कमल माझ्या पायांवर डोकं ठेवून रडली.

डॉक्टर म्हणाले, "औषध वाईट नाही. पण एका वेळी एकच घ्या, आणि सांगितलं तेवढंच." तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. पाकीट उलटं करा, बारीक अक्षरातलं नाव वाचा, दोन पाकिटांवर एकच नाव असेल तर एक परत ठेवा. डोळे पिवळे दिसले तर थेट दवाखाना गाठा.

आता मी बरी आहे. ऋतुजा मात्र रोज सकाळी शाळेत जाण्याआधी माझ्यासमोर येऊन उभी राहते.

"आई, मी कोन हाय?"

मी तिचं नाव सांगते. मगच ती दप्तर उचलते.