बकरी ओरडली तेव्हा

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, हे मला एका बकरीमुळे कळलं. बकरी खरी नव्हती, व्हिडिओ गेममधली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते मला बरोबर कळतं, आणि या गोष्टीची मला घमेंड होती. ती आता जिरली आहे. घरातला माणूस माझ्या डोळ्यांदेखत बहिरा होत गेला आणि मला पत्ता नाही.

ह्यांचा धंदा साऊंडचा. तापीकाठच्या आमच्या गावापासून वर पार मोलगी-धडगावपर्यंत लग्नं, हळदी, सत्कार, आणि सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत एखाद्या दुकानदाराचं काम. स्पीकरचे बॉक्स उचलायला, वायर ओढायला माणसं आहेत, पण आवाज जुळवायच्या मिक्सरवर हेच बसतात. आमच्याकडे ऑर्डर द्यायला येणारा माणूस बॉक्स किती ते नंतर विचारतो, आधी विचारतो, तुम्ही स्वतः येणार ना? म्हणजे लोक ह्यांच्या कानावर विश्वास ठेवून पुढचं बोलणं करतात. तो कान गेला असं एकदा बोललं गेलं, की पंचवीस वर्षांचं काम एका सीझनमध्ये संपलं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि ह्यांना तर माझ्या आधीपासून.

त्या दिवाळीत मुलगी नाशिकहून आली ती लॅपटॉप आणि हातात धरायचं एक बटणांचं यंत्र घेऊन. ती इंजिनिअरिंगला आहे, पण तिथे नक्की काय शिकवतात याची मला शंका आहे. तिने गेम लावला. त्यात एक टकला ढोलवाला झोपेतून उठतो तो थेट राक्षसांच्या मुलखात. तिथले डोंगर बॉक्सचे, झाडांना गिटारीच्या तारा. संगीत म्हणाल तर हेवी मेटल, म्हणजे पत्र्याच्या शेडवर गारा पडायला लागल्या की वर्गात जो कल्लोळ होतो तो. ढोलवाल्याचं सैन्य म्हणजे केस मोकळे सोडलेले बाप्ये, जे डोक्याने धडका देऊन राक्षस पाडतात. त्यांच्या मदतीला नऊवारी नेसल्यासारख्या दिसणाऱ्या दोन जाड म्हाताऱ्या, ज्या झांजा फेकून मारतात. मी पोट धरून हसले. हेही हसले. आमच्या दोघींच्या जरा नंतर हसले, हे आता आठवतं.

ह्यांना गेम भलताच आवडला. दुपारी जेवण झालं की गोदामातले दोन बॉक्स पुढच्या खोलीत आणून लॅपटॉपला जोडले आणि बसले. हातात ते यंत्र, आणि एक पाय बॉक्सला टेकलेला. मला वाटलं, सवय, दुसरं काय. धक्क्यावरून त्यांना ढोल कळत होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. हाणामारीत ते पटाईत निघाले. समोरून राक्षस आला रे आला की ढोलवाल्याची टिपरी त्याच्या टाळक्यात. मुलगी म्हणाली, कॉलेजातल्या पोरांनाही हे जमत नाही.

पण गेममध्ये नुसती हाणामारी नव्हती. मधूनच ढोलवाल्याला पंख फुटायचे. मग वरून सगळं मैदान दिसायचं आणि डोकं चालवायला लागायचं, कुठल्या तुकडीला कुठे पाठवायचं, म्हाताऱ्यांना किती वेळ राखून ठेवायचं. सगळ्यात मागे आपलं स्टेज, आणि राक्षस चोरून येऊन त्या स्टेजच्या वायरी कापायचे. वायरी तुटल्या की डाव संपला. त्यासाठी स्टेजवर एक बकरी बांधलेली होती. मागून कोणी आलं की ती बारीक आवाजात ओरडायची, की उड खाली आणि वाचव.

हे दर वेळी इथेच हरायचे.

"पप्पा, मांगे. बकरी," मुलगी म्हणायची. हे म्हणायचे, "हां हां, देखी ऱ्हायनू," आणि पुढेच बघत राहायचे. बकरी बेंबीच्या देठापासून ओरडायची, वायरी तुटायच्या, स्टेज कोसळायचं आणि बकरी सगळ्यात शेवटी दरीत पडायची. आम्ही मायलेकी हसून हसून लोळायचो. मी तर टोमणाही मारला की लोकांच्या मांडवातली वायर राखायची आणि स्वतःची मात्र कापू द्यायची, ही कुठली रीत. चार दिवस मी असली वाक्यं बोलत होते. त्यातलं प्रत्येक मला आता टोचतं.

पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा बकरी ओरडत होती. मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती, तिलाही तिथवर ऐकू गेलं आणि ती "बकरी, बकरी" म्हणत दारात आली. हे बॉक्सपासून हातभर अंतरावर बसले होते. मान हलली नाही, बोट हललं नाही. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि वर्गातल्यासारखं नाही, साध्या घरच्या आवाजात म्हणाले, "तुम्हना टेम्पो चोरी गया."

साऊंडचं सामान न्यायच्या त्या टेम्पोवर ह्यांचा इतका जीव की पावसात मी भिजले तर चालेल, टेम्पो नाही. मुलगी फिसकन हसली. हे खेळतच राहिले. मी पुन्हा म्हणाले. मुलीचं हसू अर्ध्यावर थांबलं. ह्यांनी तिचा चेहरा पाहिला, वळून माझा पाहिला, आणि हाताची ओंजळ तोंडाशी नेऊन खूण केली, चहा. मी आत जाऊन चहा ठेवला.

साखर टाकली की नाही तेही मला कळत नव्हतं. ती चहाची खूणच डोळ्यांसमोर होती. साऊंडवाले कामावर तोंडाने बोलतच नाहीत. बॉक्स सुरू असताना कोणाला काय ऐकू येणार? बोट गोल फिरवलं की आवाज वाढव, पंजा खाली दाबला की कमी, मूठ आवळली की बंद. पन्नास फुटांवरून माणसाचे ओठ वाचतात. ह्यांनी ती भाषा कधी घरी आणली ते आम्हाला आठवतही नाही. पाणी, जेवण, झोपतो, सगळं खुणांनी. सासरची माणसं कौतुकाने सांगायची, आमचा पोरगा घरातही ऑपरेटरच. आणि मी बोलते मास्तरणीच्या आवाजात, त्यामुळे माझं तरी त्यांच्यापर्यंत पोचत होतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असते, तर पहिल्या वर्षीच उघडं पडलं असतं.

मग एकेक आठवायला लागलं. आदल्या उन्हाळ्यात एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माईकने शिट्टी मारली. माईक बॉक्ससमोर गेला की मारतो शिट्टी, त्याचं काही नाही, पण ऑपरेटर ती तिथल्या तिथे दाबतो. ही दाबलीच गेली नाही. भटजींनी कान झाकले, नवरीने झाकले, आणि हे मिक्सरपाशी शांत उभे. मुलीकडचे म्हणाले, माज आलाय. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मी ह्यांनाच फैलावर घेतलं होतं, की लोकांशी नीट वागत जा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं. ऐकून घेतलं होतं असं मला वाटलं होतं.

चहा दिल्यावर मी समोर बसले आणि विचारलं. आधी त्यांनी उडवून लावलं. "माले समदं ऐकू येस. गेममधली बकरी ऐकीसन काय करू मी?" मी म्हटलं, टेम्पोचं मी दोनदा बोलले. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले की तीनेक वर्षं झाली, जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. पाखरांचा आवाज गेला, कुकरची शिट्टी गेली, आणि आता बायकांचं बोलणंही तोंड दिसलं तरच कळतं. बारीक आवाजाचं बटण ते जुन्या सवयीने, अंदाजाने फिरवतात. हे सगळं त्यांनी एखाद्या बॉक्समधला बिघाड सांगावा तसं सांगितलं, आणि मला रडू आलं म्हणून माझ्यावरच चिडले.

मी म्हटलं नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. ते म्हणाले, नाही. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, ऑर्डरी घेतलेल्या होत्या, दवाखान्यात कोणी पाहिलं तर चार गावांत बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. "कान गया ते गया. काम जावाले नको." मी म्हटलं, बॉक्सपाशी अजून एक सीझन उभे राहिलात तर उरलेलंही जाईल, मग काय करणार? त्यावर त्यांनी मूठ आवळून दाखवली. बंद. चाळीस पोरं माझ्या एका नजरेने गप्प बसतात, आणि या एका माणसापुढे माझं काही चालेना. तीन दिवस मी भांडले, जेवले नाही, बोलले नाही. न बोलण्याचा त्यांच्यावर काय परिणाम होणार होता.

शेवटी मुलीने डाव टाकला. म्हणाली, "एक डाव खेळा पप्पा. जितनात ते दवाखाना नही. हारनात ते मन्हासंगे नंदुरबारले चाला." हे हसले आणि बसले.

त्या दुपारी ते असे खेळले की मी थक्क झाले. बकरीवर त्यांची भिस्तच नव्हती. दर थोड्या वेळाने स्वतःच मागे वळून बघायचे, स्टेज ठीक आहे हे पाहून पुन्हा पुढे. म्हाताऱ्या राखून ठेवल्या, केसाळ बाप्ये डाव्या अंगाने पाठवले. त्या लग्नातल्या शिट्टीपासून मांडवात ते हेच करत असणार, दर क्षणी वळून लोकांची तोंडं बघत, कोणी कान झाकलेत का म्हणून. राक्षसांचा दरवाजा मोडत आला. मला कळेना मी कोणाच्या बाजूने आहे. इतक्या कष्टाने खेळणारा माणूस जिंकावा असं मनापासून वाटत होतं, आणि तो हरावा म्हणून मी देवाला हात जोडत होते.

दरवाजाला तडा गेला आणि ते पुढे झुकले. मागे बघायचं राहिलं. बकरी ओरडली.

मी मुलीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. इतके दिवस ती न चुकता सांगत होती. आज तिने ओठ घट्ट मिटले आणि मीही. बकरी ओरडत होती आणि आम्ही दोघी ऐकत बसलो होतो. एका शब्दाचं काम होतं. वायरी तुटल्या, स्टेज गेलं. ह्यांनी यंत्र खाली ठेवलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

"वरडनी व्हती का?" त्यांनी विचारलं.

मुलीने मान डोलावली. ते उठले, दोन्ही बॉक्स गोदामात ठेवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच टेम्पो काढला.

दवाखान्यात कान तपासायची काचेची छोटी केबिन होती. आत हे खुर्चीवर, कानांवर हेडफोन, हातात बटण. तपासणारी मुलगी बाहेर मशीनपाशी, तिच्या बाजूच्या बाकावर आम्ही मायलेकी. तिने समजावलं, "आवाज आला की बटण दाबायचं काका, कितीही बारीक असला तरी." ह्यांचं तोंड तिने भिंतीकडे करवलं होतं. तपासणी सुरू झाली. हे दाबत होते. दर वेळी, बरोबर. तपासणारी म्हणाली, अहो काकांचं तर छान आहे. माझ्या मुलीने माझा हात दाबला. मला एक क्षण इतका आनंद झाला की आपण सगळे मूर्ख ठरलो तरी चालेल असं वाटलं.

मग मला कडेने त्यांचे डोळे दिसले. त्यांच्या समोरच्या भिंतीवर कानाच्या आतल्या रचनेचं एक चित्र होतं, काचेच्या चौकटीत. त्या काचेत तपासणाऱ्या मुलीचा हात दिसत होता. तिचं बोट मशीनवर पडलं की ह्यांचं बटणावर पडत होतं. परीक्षेत कॉपी करणारं पोर मी लांबून ओळखते. आणि हे पोर सुटावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. सांगितलं नसतं तर आम्ही हसत घरी गेलो असतो, सीझन झाला असता, लोक म्हणाले असते तुम्ही स्वतः येणार ना.

मी माझ्या मांडीवरची दवाखान्याची फाईल उचलली आणि मशीनच्या पुढे, तपासणाऱ्या मुलीच्या हाताला आडोसा म्हणून उभी धरली. काचेत ह्यांनी ती पाहिली. मग मला पाहिलं. खूप वेळ पाहिलं, रागाने नाही. मग नजर खाली केली आणि डोळे मिटून घेतले.

पहिल्या दोन जाड आवाजांना त्यांचं बोट हललं. नंतर हललं नाही. तपासणारी मुलगी आवाज वाढवत गेली, थांबली, पुन्हा वाढवत गेली. बोट बटणावर तसंच होतं. तिला काही समजेना. ती उठून मशीनच्या मागे गेली आणि हेडफोनची वायर निघाली की काय ते चाचपून बघायला लागली.

ह्यांनी डोळे उघडले, तिला वाकलेलं पाहिलं आणि हेडफोन काढून केबिनचं दार किलकिलं केलं.

"ताई," ते फार मोठ्याने म्हणाले, "वायर बराबर शे."