आधी ब्लँक लाव

शैलामॅडम गेल्याचा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं, तर त्यांच्याच नंबरवर फोन लावला. ऐकीव गोष्ट खरी धरायची नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. फोन त्यांच्या मुलीनं उचलला... आणि "खरंय" एवढंच म्हणाली.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या माझ्या वरिष्ठ. मूळच्या दासगावच्या. दुधापासून साहेबापर्यंत सगळ्यांवर संशय. एकदा औषधाचा नमुना तपासताना आलेखावर नको तिथे उंचवटा दिसला, म्हणजे औषधात काहीतरी भलतं मिसळलेलं. "रमेशनं टाकी नीट धुतली नसणार," असं साहेबांनी ठरवूनही टाकलं. रमेश बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारा कंत्राटी कामगार. त्याची नोकरी गेल्यातच जमा होती. मॅडम मला म्हणाल्या, "माणसावर जायच्या आधी बाटलीवर जा गो. ब्लँक लाव." ब्लँक म्हणजे नमुना न घालता यंत्र चालवायचं. यंत्रातल्या कॉलममधून, म्हणजे भुकटी भरलेल्या नळीतून, आधी फिकं, कमी मिठाचं द्रावण जातं, मग त्यात मीठ हळूहळू वाढवत नेतात, म्हणजे कॉलमला धरून बसलेलं एकेक सुटत जातं. नमुना नव्हता, तरी उंचवटा आला! "कॉलमच घाण झाला असेल, रमेशच्याच मालानं," साहेब म्हणाले. मॅडमनी कोरा कॉलम लावला आणि फिकं द्रावण मुद्दाम जास्त वेळ फिरवत ठेवलं. उंचवटा आणखी वाढला. त्या द्रावणात आम्ही जे पूरक रसायन थोडंसं मिसळायचो, त्याची नवी बाटली नुकतीच फोडली होती. त्यातलंच काहीतरी कॉलमवर साठत होतं आणि मीठ वाढलं की एकदम सुटत होतं. रमेश वाचला. तो पेढे घेऊन आला, तर मॅडमनी आधी पेढ्याचा वास घेतला.

गेल्या काही महिन्यांत जिना चढताना त्या छाती चोळत थांबायच्या. डॉक्टरला दाखवा म्हटलं की, "ॲसिडिटी हाय गो, दुसरं काय नाय," म्हणत गोळी चघळायच्या. अंत्ययात्रेत रमेश माझ्या शेजारून चालत होता. म्हणाला, "माझ्यासाठी येवढं तपासलं बाईंनी... न सोताचं नाय तपासलं?"

त्यांच्या अक्षरात 'फिकं' लिहिलेली बाटली अजून फळीवर आहे. रोज सकाळी मी तिच्यात ताजं द्रावण भरते, ब्लँक लावते. रेघ सरळ येते, आणि मला त्यांचा भयंकर राग येतो.