भाकरी काढून घेणारी

आम्ही वाडी सोडली त्या सकाळी आत्याबाई उंबऱ्यावरून उठल्याच नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या बापाची त्या सख्खी बहीण, म्हणून लग्नानंतरही हाक तीच राहिली. मेंढरांत रोग शिरला होता आणि महिन्याभरात निम्मी मेंढरं गेली होती. उरलेली धाकट्या दिराच्या हवाली करून आम्ही नवराबायको माधवनगरच्या कापडगिरणीत कामाला निघालो होतो. तट्टावर दोन वाकळा, तवा, काठवट आणि बाजरीचं गाठोडं बांधलेलं. मी पाया पडले, तर डोक्यावर हात ठेवायचा सोडून त्या म्हणाल्या, "माझ्या ल्योकाच्या भाकरीला कमी करू नगंस. बाकी काय बी कर." मी "व्हय आत्याबाई" म्हटलं आणि तट्टाची दोरी धरली.

हे मी तुम्हा वाडीकरांसाठी लिहिते आहे. पोटासाठी लांबच्या मुलखात गेलेल्यांच्याही हाती हे पडलं तर बरंच. लिहायला मी इथंच शिकले, गिरणीतल्या बायकांच्या वर्गात. पहिलं अक्षर गिरवलं तेव्हाच मनाशी धरलं होतं की एक दिवस तुम्हाला सगळं लिहून कळवायचं. तोंडी सांगायला गेले तेव्हा तुम्ही हसलात. कागदाला हसून दाखवा.

वाडीत आमचं आयुष्य पायांवर होतं. मेंढरांमागं दिवसभर चालायचं, मिळेल ते खायचं आणि गुळाचा खडा पाहुणा आला तरच हाताला लागायचा. माधवनगरात सगळं उलटं झालं. भोंगा झाला की हे कापडाच्या मागासमोर उभे राहायचे आणि पुढचा भोंगा होईपर्यंत तिथंच. मी सुताच्या कांड्या भरायची. सांगलीचा गुळाचा बाजार हाकेच्या अंतरावर, त्यामुळं चाळीत कुणी ना कुणी फुटकी ढेप घेऊन यायचं, कुणी काकवी आणायचं. गिरणीच्या दारात गुळाचा चहा. ह्यांना त्याची अशी चटक लागली की भाकरी कुस्करून, तिच्यावर गूळ आणि तूप घालून घेतल्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटेना. वाढत मीच होते. खोटं कशाला बोलू, एकीला दोन भाकरी मीच ताटात सरकवत होते, कारण आत्याबाईंना शब्द दिला होता.

दोन वर्षांत माणूस निम्मा झाला. घागरभर पाणी प्यायचा आणि तरी जीभ कोरडी. मागावरचा आडवं सूत नेणारा धोटा उडून उजव्या पायावर पडला, त्याची जखम भरायचं नाव घेईना. आणि परसातल्या ज्या कोपऱ्यात हे लघवीला बसत तिथं मुंग्यांची रांग लागायला लागली. गिरणीच्या डॉक्टरांनी आधी अशक्तपणा ठरवला. साबुदाण्याची पेज द्या म्हणाले, वर गुळाचं पाणी. मी इमानानं दिलं आणि ह्यांची तब्येत आणखी ढासळली. मग एकदा त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घालून त्यात लघवी उकळली. निळ्याचं विटकरी झालं. "मधुमेह," ते म्हणाले. रोज टोचायचं एक औषध असतं, पण विलायतेतल्या लढाईमुळं ते मिळत नाही, असंही सांगितलं. तोवर हलकं अन्न द्या, भात, पेज. मटण, अंडी बंद.

आता ऐका मला कसं कळलं ते. त्या हिवाळ्यात आपल्याकडचे मेंढके खाली आले होते आणि माधवनगरच्या कडेला एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. हे चार दिवस सुट्टी काढून त्यांच्यात राहायला गेले. फिरत्या माणसांना कुठल्याच गावचं रेशनकार्ड नसतं, त्यामुळं तळावर धान्याचा दाणा नव्हता. विताना मेलेली एक मेंढी, ताक, लोणी आणि बांधावरची पोकळ्याची भाजी, चार दिवस सगळ्यांनी तेवढ्यावरच काढले. हे परत आले ते पाण्याच्या घागरीकडं न बघता वाकळेवर पडले. सकाळी मी परसात गेले तर कोपऱ्यात एकही मुंगी नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी वाढली आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या हजर. मी पुन्हा भाकरी बंद केली, मुंग्या गेल्या. असं मी तीनदा केलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण एवढं कळायला अक्षर लागत नाही.

मग मी घरातून भाकरी, भात, गूळ सगळं हद्दपार केलं. सकाळी ताक आणि अंडी, दुपारी पोकळा नाहीतर अंबाडी, वर लोण्याचा गोळा, जमेल तेव्हा मटण, नाहीतर काळीज. लोक रेशनच्या लाल ज्वारीसाठी पहाटेपासून रांगा लावत होते आणि मी आमच्या वाट्याची ज्वारी शेजारच्या गंगूबाईला देऊन तिच्या कोंबड्यांची अंडी घेत होते. गंगूबाईनं ज्वारी घेतली, तिच्या भाकरी थापल्या, पोराबाळांना खाऊ घातल्या आणि नळावर जाऊन सांगितलं की ही धनगरीण नवऱ्याला उपाशी मारायला निघाली आहे, दुसरा घरोबा करायचा विचार असेल. माझ्याच ज्वारीच्या भाकरी खाऊन बोलली ती.

डॉक्टरांच्या कानावर गेलं. त्यांनी मला भरल्या दवाखान्यात उभं केलं. "बाई, नवऱ्याला माणसाचं अन्न द्या. तो काय लांडगा आहे?" सगळे हसले. मी म्हटलं, "लांडगा कवा बघितलाय का डॉक्टरसाहेब? आमी लय बघितल्यात. एकाचाबी पाय असा नासल्याला न्हवता." मुंग्यांचं सांगितलं तर कंपाउंडर तोंडाला रुमाल लावून आत गेला. बाहेर पडताना माझे कान तापले होते, पण ह्यांच्या जखमेच्या कडा तेव्हा लालसर व्हायला लागल्या होत्या आणि मला दुसरं काही बघायचं नव्हतं.

ह्यांचे हाल झाले, हेही लिहिते. शेजारी भाकरी भाजली की वासानं हे उठून बाहेर जायचे. एवढा मोठा गडी, तव्याकडं बघत बसायचा. मी माझी भाकरी खायची सोडून दिली, त्यांच्यासमोर घास उतरत नव्हता म्हणून. हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

तुमच्यापर्यंत बातमी त्या मेंढक्यांनीच आणली. बिरोबाच्या जत्रेला आलो तर तुम्ही आधीच लिंबाखाली बैठक घालून बसला होता. मला मध्ये उभं केलंत. घरच्या गड्याला भाकर देतीस का न्हाई, एवढंच विचारलंत. मी पायाचं सांगितलं, डॉक्टरांची नळी सांगितली, मुंग्या सांगितल्या. थोरल्या पाटलांनी मांडीवर थाप मारली. "आता मुंग्या वैद्य झाल्या व्हय गं?" बाया पदर तोंडात धरून हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी छाती बडवून घेतली आणि म्हणाल्या, वैरणीवाचून जनावर ठेवत न्हाई आमी, हिनं माझं पोर ठेवलंय. तुम्ही ठरवलंत की ह्यांनी आठ दिवस आईच्या हातचं खावं आणि मी एकटीनं कामावर परत जावं. हे मातीत काडीनं रेघा ओढत बसले. तुमच्या हसण्यापेक्षा ते मला जास्त लागलं, आणि त्यांना ते माहीत आहे.

आठ दिवसांचे बारा झाले. बैलगाडीतून ह्यांना आणलं तेव्हा पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि वास येत होता. तुम्ही त्यांना पुरणपोळ्या घातल्या होत्या, गुळवणी घातलं होतं. जत्रेची ढेप फोडून प्रसादाचा गूळ मुठीनं दिला होता. मायेनंच दिलंत, मला माहीत आहे. म्हणूनच जास्त राग येतो, मायेनं केलेल्याला शिव्याही धड देता येत नाहीत. मोठ्या दवाखान्यात दोन्ही बोटं काढली. पाय घोट्यापर्यंत कापावा लागेल असं आधी सांगितलं होतं, ते टळलं. शुद्धीवर आल्यावर हे म्हणाले, "आईच्या हातची भाकर लय गोड लागली गं." मी तोंड फिरवून घेतलं आणि त्या खाटेशी बसून ढसाढसा रडले. दोन बोटं गेलेल्या माणसाला त्या वेळी बोलणार तरी काय.

पण नंतर बोलले. घरी आणल्यावर सांगितलं की आता एक घास तरी चोरून खाल्लात तर मी वाडीला नाही, माहेरालाही नाही, थेट रेल्वेनं जाईन आणि कुठं गेले ते कळायचं नाही. हे मुकाट अंडी खायला लागले. पावसाळा सरेपर्यंत जखम पुरती मिटली. मग मी ह्यांना घेऊन गिरणीच्या डॉक्टरांकडं गेले, मुद्दाम दवाखाना भरलेला असतो त्या वेळी. म्हटलं, नळी काढा. त्यांनी उकळलं. निळं ते निळंच राहिलं. मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. मी तिसऱ्यांदा करायला लावलं आणि रांगेतल्या बायकांना पुढं बोलावून नळी दाखवली. "नशीब असतं एकेकाचं," ते म्हणाले. मी म्हटलं, "नशीब न्हवं, गंगूबाईची अंडी हायती." कंपाउंडर ह्या खेपेला आत गेला नाही. चार महिन्यांनी डॉक्टरांनी त्याच्याचबरोबर एक पेशंट माझ्याकडं पाठवला, सांगलीचा एक अडत्या, पाणी पिऊन पिऊन सुकलेला. चिठ्ठी नव्हती, फक्त माणूस पाठवला. सगळ्यांना हे लागू पडतं का, मला ठाऊक नाही. अडत्याला पडलं. डॉक्टर रस्त्यात दिसले की आता छत्री आडवी धरतात, ऊन नसलं तरी.

आणि मग गेल्या शिमग्यात दीर गाडी घेऊन आला. गाडीत आत्याबाई होत्या. मी ओळखलंच नाही आधी, एवढ्या वाळल्या होत्या. उतरल्या त्या पाणी मागतच उतरल्या. दीर उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "वैनी, आता तूच बघ," म्हणाला. त्यांना मी घरात घेतलं, पाणी दिलं, आणि दिराला बाहेरच थांबवलं. म्हटलं, आई राहील, पण ज्या लिंबाखाली मला हसलात तिथंच येत्या जत्रेत उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं की बोटं वैनीनं घालवली न्हाईत, आमी घालवली. न्हाईतर गाडी जुंपलेलीच हाय. तो खाली बघत होता. पण बोलला तो जत्रेत, मला कळलं. थोरले पाटील त्या दिवशी मांडीवर थाप मारायला विसरले, असंही कळलं. ते ऐकून मी त्या दिवशी दोनदा जेवले.

आता आत्याबाई माझ्याजवळ असतात. पाणी पिणं थांबलंय, अंगावर थोडं मांस आलंय आणि तोंडाची धार पहिल्यासारखी झालीये. दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की सून भाकर देत न्हाई. मला वैरीण म्हणतात, काळतोंडी म्हणतात. मी आतून ऐकते आणि मला फार बरं वाटतं. ज्या बाईनं मला चारचौघांत उभं केलं, तिच्या ताटातली भाकर मी रोज काढून घेते आणि ती रोज जगते. याच्याहून मोठा सूड मला सुचला नाही.

तुम्ही निरोप पाठवता की आता वाडीला या, घर पडून राहिलंय. ह्यांना यावंसं वाटतं, कधी कधी मलाही वाटतं. ती मोकळी माळरानं इथं कुठून येणार. पण तुमच्या घरात शिरलं की पाटावर बसवून ताट भरणार तुम्ही, नाही म्हटलं तर रुसणार, आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. माझ्यात आता तेवढा दम नाही.

परवा आत्याबाई दुपारी ताटाकडं न बघता म्हणाल्या, "मला घरला सोड गं. चतकोर भाकर खाऊन मरतो." मी ताट तसंच त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "तिथं कुणीबी भाकर दील तुमाला, आत्याबाई. न्हाई म्हणायला तिथं कोण हाय?" त्यांनी शेजारी जेवत बसलेल्या ह्यांच्या पायाकडं एकदा बघितलं. मग मला एक शिवी दिली, ताट जवळ ओढलं आणि अंडं सोलायला घेतलं.