दही, इसबगोल आणि वरची शेव

आतडं सुजलंय, असं डॉक्टरसाहेबांनी दुर्बीण घालून सांगितलं. मला सूज-बीज काही कळली नाही. मला एवढंच कळत होतं की दर घंट्याला संडासाकडे पळणारा माणूस चौदा एप्रिलच्या जयंतीला महूच्या भोजन पंडालात वाढायला उभा राहू शकत नाही. तिथल्या भाजीच्या पातेल्यावरची पळी आमच्या घरची. आधी पलटणीतून रिटायर झालेले वडील, मग मी. दोन वर्षं ती दुसऱ्याच्या हातात होती. आजारापेक्षा मला ते जास्त लागलं.

डॉक्टरसाहेबांनी गोळ्या दिल्या, वर रोज दह्यातून इसबगोल सांगितलं. मी म्हटलं, “साहेब, ते तर पोट साफ व्हायला घेतात. माझं थांबतच नाही!” ते हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

सून नागपूरची, कॉलेजात सायन्स शिकवते. तिनं समजावलं, “बाबा, ते पोटातलं पाणी धरून ठेवतं. आणि आपल्याला पचत नाही, पण आतले चांगले जंतू त्यातलं थोडंफार खातात. त्यातून जे तयार होतं त्यानं आतड्याची सूज उतरायला मदत होते.”

“म्हणजे मी जंतूंना जेवू घालायचं?”

“वाढायची हौस आहे ना तुम्हाला!”

महिनाभर खाल्लं. फरक शून्य. सगळं बकवास आहे, असं मी घरात जाहीर केलं. मग एका सकाळी सुनेनं माझी वाटी पाहिली. दह्यावर मूठभर तिखट लौंग शेव, त्यावर जीरावनचा मसाला.

“हे रोज?”

“रोज. इंदूरात फिकं दही कोण खातं?”

“आतडं आतून सोललंय आणि तुम्ही वरून मिरची टाकताय!”

मी रागानं वाटी सरकवली. पण तिनं शेवेचा डबा लपवला नाही, माझ्यासमोरच ठेवला. लपवला असता तर शोधून खाल्ली असती. समोर ठेवल्यावर हात लावणं म्हणजे हरणं. नाही लावला. तोंड वाकडं करून फिकं दही गिळत राहिलो. हळूहळू पळापळ कमी झाली. गोळ्या मात्र चालू आहेत, त्या साहेब सोडू देत नाहीत.

यंदा पळी मागून घेतली. सकाळपासून दुपारपर्यंत पातेल्याजवळून हललो नाही. लाइनीतला एक जण कुरकुरला, “काकाजी, इतनी सी भाजी?”

“पहले ये तो खा, भिया. फिर माँग.”

तो खरंच परत आला. मी पळी काठोकाठ भरून दिली.