वैशीचा बांध

वैशाली गेली.

आज सकाळी. कावीळ वाढली म्हणे. दवाखान्यात नेली, पण उशीर झाला होता.

तिच्या भावाचा मेसेज आला तेव्हा मी हुबळीच्या स्टँडवर चहा पीत होतो. फोन लावला तर तो म्हणाला, "तू नको पळू. तू येईस्तोवर सगळं आटपलेलं असंल."

म्हणून सायबर कॅफेत बसून हे टाइप करतोय.

डिप्लोमाच्या लटकलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या बॅचमधले बरेच जण या ग्रुपवर आहेत. त्यांना आठवेलच. बाकीच्यांसाठी सांगतो.

नाशिक. आमचं कॉलेज. बाहेर मिसळ कसली भारी मिळायची... असो, तो विषय नंतर.

इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल होतं. वैशी आधी दोनदा उडालेली. ही शेवटची संधी. तिथेच अंबडच्या एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये टेस्टिंगला तिची जागा धरून ठेवली होती, पण पास झाली तरच. नाहीतर पेटी भरायची आणि गावी, सायखेड्याला परत. वडिलांनी स्पष्ट सांगितलेलं.

सर्किट साधं. ऑप-अँप, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा आयसी. आठ पायांचा काळा किडा. दोन नंबरच्या पायाकडून अर्धा व्होल्ट डीसी द्यायचा, बाहेर दहापट आणि उलट्या चिन्हाचं आलं पाहिजे. म्हणजे उणे पाच.

आणि तीन नंबरचा पाय ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला.

ग्राउंडला वैशी 'जमीन' म्हणायची. सप्लाय चालू करायच्या आधी दर वेळी तिचं एकच, "जमीन दिली का रे?"

ब्रेडबोर्ड म्हणजे वायरी खोचायची भोकाभोकांची पाटी; तिच्या कडेने ग्राउंडची पट्टी जाते. काही बोर्डांवर ती आतून मधोमध तुटलेली असते. वरून कळतही नाही. त्या जागेला ती 'बांध' म्हणायची. "बांधाच्या अलीकडं आपलं, पलीकडं दुसऱ्याचं. मधी वायर टाकल्याबिगर पाणी जात नाय."

सगळी लॅब हसायची. पण शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला.

कॉलेजच्या जुन्या बोर्डांवर लॅबवाल्या पोपटमामांनी ती वायर कायमची खोचून ठेवलेली. त्यामुळे आम्ही ती विसरूनच गेलो होतो.

परीक्षेला नवेकोरे बोर्ड आले.

मी सर्किट जोडलं. मल्टिमीटर लावला.

उणे दहा पॉइंट सहा.

इनपुट कमी केलं. उणे दहा पॉइंट सहा.

इनपुट पार शून्य केलं. तरी तेच!

शेजारच्या टेबलावर तेच. त्याच्या पलीकडे तेच. एकाने आयसी बदलून मागितला. नव्यावरही तेच.

बाहेरून आलेले परीक्षक हात मागे बांधून फिरत होते. "बोललात तर कॉपी केस. मी ऐकून घेणार नाही."

मी वैशीकडे बघितलं. तिच्या मीटरवरही उणे दहा पॉइंट सहा. ओठ पांढरे पडलेले.

मग तिने सप्लाय बंद केला. बोर्डाच्या कडेवर नख ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं. मधोमध थांबली.

एक छोटी लाल वायर उचलली. खोचली. सप्लाय चालू.

उणे पाच.

तिचं झालं होतं. परीक्षकांना बोलवायचं, सही घ्यायची, सुटायचं.

तिने माझ्या मीटरकडे बघितलं. मग बाकीच्या टेबलांकडे.

आणि मोठ्याने म्हणाली, "पोपटमामा, एक वायर द्या ना. बांध ओलांडायचा हाय."



परीक्षक गर्रकन वळले. "काय म्हणालीस?"

"वायर मागितली, सर."

"बांध कसला?"

"आमच्याकडं असंच बोलतात, सर."

"हे प्रॅक्टिकल आहे. शेत नाही."

ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "इनपुट शून्य कर."

शून्य.

"पॉइंट तीन दे."

उणे तीन.

"ग्राउंड कुठून घेतलंय? दाखव."

तिने बोट ठेवलं. नेमकं त्या लाल वायरवर.

ते वाकले. बराच वेळ ती वायर बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी लॅबवर नजर फिरवली.

सगळ्यांच्या माना खाली. सगळे बोर्डाच्या मधोमध एकेक वायर खोचत होते. मीसुद्धा.

"सगळ्यांना एकदम शेती सुचली का?"



त्यांनी खिशातून पेन काढलं. तिच्या कागदावर सही केली.

"जा."

बाहेर ती नळाखाली तोंड धरून उभी होती. मी ओरडलोच, "वैशे, वेडी आहेस का तू? जागा गेली असती ना!"

तोंड पुसत म्हणाली, "तुझा तीन नंबरचा पाय हवेत लटकलेला. कशालाच धरून नाय. बघवंना मला."

त्या दिवसापासून मी 'तीन नंबर'.

ती अंबडला लागली आणि तिथेच टिकली. मी पास होऊनही पुढचं सगळं अर्धवट सोडलं. सुरत, मडगाव, आता हुबळी. कधी ट्रकवर, कधी हॉटेलात. मडगावची एक गंमत आहे, पण ती आज नाही.

तिचा फोन यायचा. "काय तीन नंबर, जमीन दिली का कुठं?"

"नाही गं अजून."

"मग आकडे चुकीचेच येणार!"

गेल्या दिवाळीत म्हणाली, "आमच्या वर्कशॉपात टेस्टिंगला माणूस पाहिजे. मी बोलून ठेवलंय. येतो का?"

मी म्हणालो, बघतो.

वैशे, भाऊ म्हणतो येऊ नको, सगळं आटपलेलं असेल. असू दे.

नाशिककडची गाडी लागलीय. तिकीट काढलंय.

तीन नंबर येतोय.

तू नीट जा गं. तुझ्या सगळ्या लटकलेल्यांकडून शेवटचा नमस्कार.